परवाचा ठिपका

आलेखात आजच्या पुढे ठिपका नसावा, एवढा शिष्टाचार जगातल्या यच्चयावत आलेखांनी आजवर पाळला होता. मागे काय वाटेल ते करावं, चढावं, पडावं, आडवं लोळावं, पण आजच्या तारखेला मुकाट्यानं थांबावं. म्हणून दहा डिसेंबर २०४२ रोजी सकाळी विदुला धुरीनं पडद्यावर बारा डिसेंबरचं तापमान पाहिलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. कॅलेंडर बरोबर होतं.

उन्हाळवाडीच्या उष्णोदक निरीक्षण केंद्रात विदुला आलेख काढायची. उन्हाळवाडी म्हणजे कोकणात कातळाच्या खालच्या अंगाला वसलेलं गाव. तिथे जमिनीतून कढत पाण्याचा झरा येतो. तो का येतो याचा अभ्यास करायला सरकारनं केंद्र काढलं होतं, आणि केंद्र का काढलं याचा अभ्यास करायला अधूनमधून समिती येत असे. झऱ्याचं तापमान घ्यायला आजवर अकरा सेन्सर बसवले. गंधकाच्या पाण्यानं अकराही खाल्ले. टिकले ते नाना धुरी. एकतीस वर्षं रोज सकाळी आठला नाना झऱ्याच्या तोंडाशी जात, दोरीला बांधलेला तापमापक आत सोडत, दोनशेपर्यंत मोजत, वर ओढत आणि आकडा वहीत लिहीत. नाना विदुलाचे सासरे. नवरा, प्रसाद, बोटीवर. त्यामुळे घरात नाना, ऑफिसात नाना, असा तिचा दिनक्रम होता, आणि तो त्रासाचा नव्हता, कारण नाना फारसं बोलतच नसत. बोलले तरी वाक्यात क्रियापद घालत नसत. “चहा.” “मीठ.” “विदुला, छत्री.” ऐकणाऱ्यानं आणायची की ठेवायची ते समजून घ्यायचं.

डिसेंबरच्या एक तारखेला केंद्रानं ‘रेघोटी’ची नवी आवृत्ती घेतली. रेघोटी हे संगणकावर आलेख काढायचं साधन, जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेलं. पूर्वी त्यात आकडे टंकावे लागत. कुठला आकडा कुठल्या तारखेचा, रेघ किती जाड, अक्ष कुठे सुरू, सगळं ओळी लिहून सांगावं लागे, आणि एक स्वल्पविराम चुकला की रेघोटी तांबड्या अक्षरात वीस ओळी रागवे. नव्या आवृत्तीत बोललं की पुरे. “रेघ जाड कर, नानांना चष्म्याशिवाय दिसली पाहिजे,” असं विदुला म्हणे, आणि रेघ दोरखंडाएवढी होई. नोंदीसुद्धा तोंडीच. नाना दर तिसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन वहीतले तीन आकडे वाचून दाखवत. रेघोटी ते ऐके, कुठला आकडा कधीचा हे स्वतः समजून घेई आणि ठिपके जागच्या जागी मांडी. निदान तिची तशी समजूत होती.

तर बारा तारखेचा तो ठिपका. झरा बारा महिने त्रेपन्न-चोपन्न अंशांच्या आसपास, आणि हा ठिपका सेहेचाळीसवर, खड्ड्यात पडलेल्या वासरासारखा एकटाच.

केंद्राचे संचालक डॉ. केळुसकर येऊन बघून गेले. “हे काय?”

“बघते सर. पुढचाच नाही, मागेसुद्धा तीन-चार ठिपके आधी लागले होते असं दिसतंय. आपलं लक्ष नव्हतं.”

“बघायचं काय त्यात? अक्ष आजपर्यंत तोडा. चोवीसला समिती आहे. आणि धुरींच्या या तोंडी नोंदी आता पुरे. विषय क्रमांक चारमध्ये घालतो. एकतीस वर्षं झाली, माणूस थकतो.”

भविष्य कापून टाकायला रेघोटीत एक ओळ पुरते. विदुलानं ती लिहिली. पण कापलेलं तिच्या डोळ्यांपुढून जाईना.

बारा तारखेला सकाळी ती नानांच्या मागोमाग झऱ्यावर गेली. नानांनी दोरी सोडली, मोजलं, ओढली, तापमापक तिच्यापुढे धरला.

सेहेचाळीस.

“असं कसं?” विदुला म्हणाली.

“असंच,” नाना म्हणाले आणि वही मिटली.

तिनं मागचे ठिपके वहीशी ताडून पाहिले. आधी लागलेला प्रत्येक ठिपका अर्ध्या अंशाच्या आत खरा निघाला होता. पुढेही निघत राहिला. अठरा तारखेपर्यंत सहा ठिपके, सहाही खरे.

ही बातमी डॉ. केळुसकरांना सांगायची चूक तिनं केली. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, उठले, खिडकीतून समुद्राच्या दिशेनं पाहिलं. समुद्र तिथून दिसत नसे, तरी पाहिलं.

“विदुलाताई, अक्ष जोडा परत.”

“सर, पण ही बिघाडाचीच भानगड आहे. वेळेचा पट्टा मी तपासला, घड्याळ तपासलं. अजून...”

“दुरुस्त करू नका! काय वाटेल ते करा, पण दुरुस्त करू नका. याला काय म्हणतात ठाऊक आहे? पूर्वज्ञानी आलेख. रेघोटीला झऱ्याचं मन कळलंय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “विषय चार तसाच राहील. फक्त कारण बदलेल. तापमान आधीच कळत असेल, तर ते मोजायला माणूस कशाला?”

म्हणजे आलेख बिघडलेला निघाला तर नाना नकोत, कारण ते गोंधळ घालतात. आलेख त्रिकालज्ञ निघाला तरी नाना नकोत, कारण गरज नाही. सरकारी विहिरीला दोन्ही बाजूंनी पायऱ्या असतात, त्या अशा.

उन्हाळवाडीत गुपित टिकतं ते शिपाई जेवायला घरी जाईपर्यंत. दुसऱ्याच दिवशी झऱ्यावर नानांच्या भोवती माणसं जमली. मास्तर लेकीची पत्रिका घेऊन आले. उपसरपंच हात मागे बांधून, सहज फिरायला आल्यासारखे आले.

“नाना, येत्या निवडणुकीचं काय दिसतंय?”

नानांनी तापमापक वर ओढला. “चोपन्न.”

“चोपन्न मतांनी?” उपसरपंचांचा चेहरा उजळला. “विरुद्ध नाही ना?”

नाना वहीत लिहीत होते. मास्तरांनाही चोपन्नच मिळालं. त्यांनी ते जावयाचं वय समजून लगेच घरचा रस्ता धरला.

सोमवारी, बावीस तारखेला, नाना ऑफिसात आले, वही उघडली आणि रेघोटीला वाचून दाखवलं. विदुला बाजूच्या खोलीत समितीची कागदपत्रं लावत होती. परत येऊन बघते तर चोवीस तारखेवर, म्हणजे नेमक्या समितीच्या दिवशी, नवा ठिपका. सेहेचाळीस. डॉ. केळुसकरांनी समितीसाठी पेढे सांगितले.

मंगळवारी दुपारी विदुला जेवायला घरी आली. सकाळभर तिनं रेघोटीचे सगळे सांधे उघडून पाहिले होते. एकच नवी गोष्ट सापडली होती: आलेखात भोकं होती. दर तिसऱ्या दिवशी एका तारखेला ठिपकाच नाही. भोकं मोजली, सात. पुढे लागलेले ठिपके मोजले, तेही सात. त्यात कालचं एकेक धरलं तर आठ आणि आठ. म्हणजे कुणीतरी इथले उचलून तिथे ठेवत होतं. कोण, आणि का, आणि ठेवलेले खरे कसे निघत होते?

माईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भात वाढला. नाना आमटी कालवत म्हणाले, “परवा केळफूल.”

माईंचा हात थांबला. “परवा केळफूल काय? खाल्लंत ते, का करू ते?”

“खाल्लं ते.”

“मग बरं झालं होतं म्हणा की! क्रियापद बोललात तर दात पडतील का तुमचे? चाळीस वर्षं झाली गो विदुला, या माणसाची परवा मागची की पुढची तेच मला कळत नाही. एकदा ‘परवा पाहुणे’ म्हणाले. मी येऊन गेलेत समजले. आले ना आठ जण!”

विदुलाचा घास हातातच राहिला.

“अगो, खडा लागला काय?”

“नाही माई. पुढची परवा.”

एवढं बोलून ती हात धुऊन चपला घालून निघूनसुद्धा गेली. माईंनी नानांकडे पाहिलं. “ही पण तुमच्यासारखीच झाली.”

ऑफिसात येऊन विदुलानं रेघोटीतली एक सोय चालू केली. कुठल्याही ठिपक्याला त्याची कुळकथा विचारता येते: तू कुठून आलास, कुणी सांगितला. त्यानं काम हळू होतं म्हणून ती सोय एरवी बंद असते. तिनं उद्याच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. खोलीत नानांचा आवाज आला, सर्दीसकट.

“आज त्रेपन्न. काल एक्कावन्न. परवा सेहेचाळीस.”

संपलं. ‘होतं’ नाही की ‘होईल’ नाही. रेघोटीपुढे दोन परवा उभ्या, एक मागे, एक पुढे, आणि निवडायला क्रियापद नाही. तिच्या कर्त्यांनी अशा वेळेसाठी नियम घालून ठेवला होता, तोही खाली लिहिलेला सापडला: संभ्रम असल्यास पुढची तारीख धरावी, माणूस बहुधा पुढचा विचार करतो. हे लिहिणारे नानांना भेटलेले नव्हते.

म्हणजे रेघोटीला झऱ्याचं मन कळलं नव्हतं, धड मराठीही कळली नव्हती. वीस तारखेचा आकडा तिनं चोवीसवर नेऊन ठेवला होता. विदुला हसली. मग हसता हसता थांबली, कारण अर्धं कोडं अजून तसंच होतं. चार दिवस पुढे ढकललेला आकडा खरा कसा निघतो? एकदा निघाला तर योगायोग. साती वेळा?

तिनं नानांची वही मागवली आणि पान उलटलं. चार: सेहेचाळीस. आठ: सेहेचाळीस. बारा, सोळा, वीस. वहीत तर दर चौथ्या दिवशी झरा थंड पडत होता. मग नऊ वर्षं तिच्या आलेखात ही एकही बुडी का नव्हती?

उत्तर तिला ठाऊक होतं. आठवायला मात्र अंगावर काटा यावा लागला.

नऊ वर्षांपूर्वी ती लग्न होऊन या घरात आणि नोकरीला लागून या ऑफिसात एकाच महिन्यात आली होती. नानांचे आकडे भरताना तिला मधेच असे सात-आठ अंशांचे खड्डे दिसत. तेव्हा तिला वाटलं, म्हातारा माणूस, पहाटेचा उठलेला, तापमापक पाण्याबाहेर धरून पेंगत असेल. सासऱ्यांना कसं विचारायचं? म्हणून न विचारता तिनं एक चाळणी लिहिली: आदल्या दिवसाहून चार अंशांपेक्षा जास्त खाली असेल तो ठिपका दाखवू नकोस. आणि तरुणपणाच्या भरात त्या चाळणीला नावही दिलं. ‘नानांची डुलकी’. परवाचा ठिपका त्या चाळणीतून सुटला, कारण त्याच्या आदल्या दिवशी नेहमी भोक. तुलना करायला शेजारीच नाही.

रेघोटीची वाईट खोड अशी, की चाळणी बंद केली की ती तिचं नाव मोठ्यानं सांगते. विदुलानं नाव बदलायला घेतलं. ‘गाळणी क्रमांक एक’ असं टंकलंसुद्धा. कुणाला कळणार होतं? मग तिनं ते पुसून जुनं नाव परत लिहिलं. नऊ वर्षं एका माणसाचं खरं लपवलं, आता त्यावर आपलं खोटं कशाला लपवायचं, असा काहीसा विचार. तो पुरता करायला ती घाबरली, म्हणून उठून घरी गेली.

नाना ओट्यावर दोरीची गाठ तपासत बसले होते.

“नाना, मला एक सांगायचंय. उद्याच्या आधी.”

नानांनी तिच्याकडे पाहिलं, गाठ ओढून बघितली. “उद्या.”

बुधवारी सकाळी समिती झऱ्यावर हजर झाली. अध्यक्षा डॉ. तस्लीम मुकादम, रत्नागिरीकडच्या, आयुष्य भूजलात गेलेलं, पायात भक्कम बूट. बाकी चार सदस्य पेढ्यांच्या बाजूला उभे. नानांनी दोरी सोडली. दोनशेपर्यंत मोजलं. ओढली.

“सेहेचाळीस.”

डॉ. केळुसकरांनी टाळ्या वाजवल्या. “मॅडम, दोन दिवस आधी! आलेखानं दोन दिवस आधी सांगितलं!”

“सर,” विदुला म्हणाली, “तो आलेख बिघडलाय.”

टाळी अर्ध्यावर राहिली. पुढची दहा मिनिटं ऑफिसात विदुलानं केळफुलासकट सगळं सांगितलं. नानांचा आवाज ऐकवला, भोकं दाखवली. एक सदस्य खो खो हसले. डॉ. केळुसकरांचं पूर्वज्ञान सगळ्यांसमक्ष उतरलं आणि त्यांनी शेवटचा हात मारला. “म्हणजे धुरींच्या नोंदीच गोंधळाच्या! विषय चार...”

“विषय चारचंच सांगतेय सर.” विदुला पडद्याकडे वळली. “रेघोटी, चाळणी काढ.”

रेघोटी स्वच्छ, गोड आवाजात म्हणाली, “‘नानांची डुलकी’ ही चाळणी बंद केली आहे. नऊ वर्षांतले लपवलेले आठशे बारा ठिपके दाखवत आहे.”

नाना दाराशी उभे होते, दोरी हातात गुंडाळलेली. विदुलानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

“हे ठिपके मी लपवले. मला वाटलं, त्यांच्या चुका आहेत. विचारलं नाही.” ती रेघोटीकडे वळली. “तारखा काढून टाक. प्रत्येक बुडीला शून्य धर, आणि पुढचे दिवस तिथून मोज. फक्त दिवाळी ते संक्रांत. जुन्या वह्यांतली धरून एकतीसही वर्षं, एकावर एक.”

पडद्यावर आधी नुसती रांगोळी सांडल्यासारखी झाली. मग ठिपके सरकले. शून्यावर खड्डा, पहिल्या दिवशी एक्कावन्न, दुसऱ्या दिवशी त्रेपन्न, तिसऱ्या दिवशी चोपन्न. आणि चौथ्या दिवशी, एकतीस वर्षांचे ठिपके एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून पुन्हा त्याच खड्ड्यात. इतकी स्वच्छ रेघ केंद्राच्या इतिहासात कुणी काढली नव्हती.

डॉ. मुकादम चष्मा काढून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. “पोट आहे खाली,” त्या म्हणाल्या. “थंड पाण्याचं.”

विदुलानं पिशवीतून माईंच्या देव्हाऱ्यातला वसुदेवाचा पेला काढला. आत वसुदेव उभा, डोक्यावर बाळकृष्ण. तिनं तांब्यानं पाणी ओतलं. पाणी वसुदेवाच्या गुडघ्याला लागलं, छातीला लागलं, आणि बाळकृष्णाच्या पायाला टेकलं मात्र, खालच्या भोकातून सगळंच्या सगळं वाहून गेलं.

“वसुदेवाच्या अंगात वाकडी नळी असते,” ती म्हणाली. “पाणी तिच्या वाकापर्यंत चढलं की नळी भरते आणि मग तळापर्यंत सगळं ओढून नेते. आपल्या कातळातही असंच काहीतरी असावं. थंड पाणी झिरपून ते पोट भरायला चार दिवस लागतात. भरलं की एकदम झऱ्यात ओततं. पावसाळ्यात ते लवकर भरतं, तेव्हा चाराचे तीन होतात. वहीत तेही आहे.”

डॉ. मुकादम दाराकडे वळल्या. “नाना, हे चार दिवसांचं तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग कधी बोलला का नाहीत?”

“रोज,” नाना म्हणाले. वही वर धरली. “आकड्यात.”

विषय चार पुढे काय झाला ते इतिवृत्तात आहे. निरीक्षकाचं पद चालू, त्याला मदतनीस मंजूर, बाराव्या सेन्सरची खरेदी स्थगित. डॉ. केळुसकरांनी शोधनिबंधाला आपलं नाव पहिलं द्यायची तयारी दाखवली, डॉ. मुकादमांनी त्यांना पेढा दिला.

घरी जाताना नाना पुढे, विदुला चार पावलं मागे.

“नाना, चुकलं माझं.”

नाना चालत राहिले. वळणावर थांबले. “डुलकी?”

“हो. तेव्हा वाटलं, तुम्ही पेंगत असाल.”

नानांनी झऱ्याच्या दिशेनं पाहिलं. वाफ निघत होती. “माझी नाही. त्याची,” ते म्हणाले, आणि दोरीची गुंडाळी तिच्या हातात दिली. नऊ वर्षांत त्यांनी ती कुणाला धरू दिली नव्हती.

गुरुवारी नाताळची सुट्टी होती. म्हणून तोंडी नोंद शुक्रवारवर गेली. दरम्यान विदुलानं चाळणीचं नाव ‘झऱ्याची डुलकी’ केलं होतं, आणि ती कायमची बंद करून ठेवली होती. परवाचा नियम मात्र तिनं बदलला नव्हता. ‘परवा म्हणजे मागची’ असं रेघोटीला एका ओळीत बजावता आलं असतं. तिनं नानांनाच विनंती केली: एक क्रियापद, नाना. एकच.

शुक्रवारी नाना आले. माईही आल्या होत्या. नवऱ्याच्या तोंडून क्रियापद पडणार म्हणून शेजारणीलाही घेऊन आल्या होत्या. नाना खुर्चीवर बसले, वही उघडली, घसा साफ केला.

“आज त्रेपन्न. काल एक्कावन्न.” इथे ते थांबले. माईंनी पदर तोंडाला लावला. “परवा सेहेचाळीस... होतं.”

पडद्यावर चोवीस तारखेच्या ठिपक्याभोवती हिरवं कडं आलं: नोंद जागेवर. विदुलानं सुस्कारा सोडला आणि रेघोटी बंद करायला हात पुढे केला. नानांनी तो हातानंच थांबवला. वही मिटून खिशात टाकली, चष्मा काढला, आणि न बघता म्हणाले,

“परवा सेहेचाळीस असेल.”

अठ्ठावीस तारखेवर एक ठिपका उमटला.

“हा ठेवू की काढू?” रेघोटीनं विचारलं.

“ठेव,” विदुला म्हणाली. “आणि जरा मोठा कर. चष्म्याशिवाय दिसला पाहिजे.”